उरलेल्या अन्नावर वाढणारी मुलगी

किशोरवयीन मुलींच्या आहाराविषयी आणि व्यायामाविषयी आज पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणाचा सूर ठरलेला असतो. मुली घरचे खात नाहीत, बाहेरचे चमचमीत खातात, मोबाइल घेऊन लोळत पडतात, त्यांची वजने वाढतात. तेव्हा त्यांनी कोशिंबिरी खाव्यात आणि रोज तासभर चालावे. ज्या घरांत फ्रिज भरलेला असतो त्या घरांपुरते हे खरे असेलही. पण हे वाचताना सारखे जाणवते की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच मुलगी आहे, आणि ती आपल्या वस्तीतली नाही. आपल्या वस्तीतली मुलगी पहाटे उठून पाणी भरते, केर काढते, भांडी घासते, धाकट्या भावंडाचे आवरते आणि कपभर चहा पिऊन कॉलेजची एस. टी. पकडते. 'हालचाल वाढवा' असे तिला सांगणारा तज्ज्ञ तिच्या दिवसाकडे न पाहताच बोलत असतो.

तिच्या बाबतीतला प्रश्न वेगळा आहे. तिच्या शरीराकडून किती घेतले जाते आणि त्याला किती दिले जाते, हा तो प्रश्न. साधा जमाखर्च आहे. पण हा जमाखर्च आपल्या चळवळीने, आपल्या साहित्याने आणि आपल्या घरांनीही फारसा तपासलेला नाही. तो इथे मांडावयाचा आहे.

प्रथम शरीराची मागणी पाहू. दहा ते एकोणीस या वयात मुलीचे शरीर ज्या वेगाने वाढते त्या वेगाने ते पहिल्या दोन वर्षांनंतर पुन्हा कधीच वाढत नाही. प्रौढ वजनाचा जवळजवळ निम्मा भाग याच काळात अंगावर चढतो. हाडांची जी काही कमाल ताकद व्हायची ती मुलींच्या बाबतीत अठराव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के झालेली असते. म्हणजे साठाव्या वर्षी म्हातारीचे हाड घसरून पडल्यावर मोडणार की नाही, याचा बराचसा निकाल ती पंधरा वर्षांची असतानाच लागलेला असतो. याच वयात पाळी सुरू होते आणि दर महिन्याला रक्त जाऊ लागते. रक्तातला लाल पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन, तयार व्हायला लोह लागते. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या मुलीला ३० मिलिग्रॅम. लोहाच्या बाबतीत मुलीची गरज मुलापेक्षा जास्त आहे, हे इथे नीट लक्षात ठेवावे. आपल्या घरांत समज नेमका उलटा आहे. 'तो पोरगा आहे, त्याला लागतं' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते.

या समजाचे फळ आकड्यांत दिसते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. चौथ्या पाहणीत हे प्रमाण ५४.१ टक्के होते. म्हणजे ते कमी होण्याऐवजी वाढले. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात ते ५७.२ टक्के आहे. याच वयाच्या मुलांत देशभरचे प्रमाण ३१.१ टक्के. यावर कोणी म्हणेल की मुलींची पाळी असते, त्यामुळे फरक पडणारच. मान्य आहे. परंतु निसर्गाने एकीकडे जास्त खर्च लावला असेल तर शहाण्या घराने तिकडे जास्त जमा करावयास हवी. आपण तिकडेच कमी वाढतो. निसर्गाने पाडलेला फरक आपल्या चुलीपुढे बुजवला जात नाही, रुंदावला जातो.

तो कसा रुंदावतो ते पाहण्यासाठी दिवसभराचे खाणे तपासावे. सकाळी चहा. सोबत पाव, खारी किंवा रात्रीची उरलेली चपाती. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि शरीराला ते घेऊ देत नाही, हे शास्त्र आहे. तेव्हा चपातीत जे थोडेफार लोह असते तेही चहात बुडवल्याने वाया जाते. दुपारी डबा असला तर चपाती आणि बटाटा. डबा नसला तर पाच-दहा रुपयांचे कुरकुरीत पाकीट, वडापाव, नाहीतर काहीच नाही. कॉलेजमधले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीही पीत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री जेवण, पण तेही सर्वांचे झाल्यावर, आईबरोबर.

'सर्वांचे झाल्यावर' या दोन शब्दांत सगळे सार आहे. भाकरी मोजून केलेली असते. भाजी असते तेवढी असते. आधी वडील, मग भाऊ, पाहुणा असला तर पाहुणा. महिन्यातून एक-दोनदा मटण किंवा कोंबडी शिजते तेव्हा फोडी पुरुषांच्या ताटात जातात आणि मुलीच्या वाटणीला रस्सा उरतो. पोट भरतेच. रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्ली की पोट भरते. परंतु पोट भरणे वेगळे आणि रक्त भरणे वेगळे. मांसातले लोह शरीर सहज उचलते, धान्य-भाजीतले फार थोडे उचलते. म्हणजे घरात आलेले जे सर्वांत कसदार अन्न, ते ज्याला कमी लागते त्याला मिळते. आणि जिला जास्त लागते तिला त्याचा फक्त वास मिळतो. यात कोणी दुष्टपणाने वागत नाही. आईच वाढते, आणि तीही तेच खाऊन वाढलेली असते. रूढी दुष्टपणावाचूनही चालते, म्हणूनच ती इतकी टिकते.

आपल्या समाजाला 'उरलेले' या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको. गावगाड्यात उरलेले, शिळे, उष्टे हेच आपल्या वाट्याचे ठरवलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि दारोदारचे उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाचा अर्थ निव्वळ स्वच्छतेचा नव्हता. दुसऱ्याचे खाऊन झाल्यावर जे उरेल ते आपले, ही जी समाजरचना होती तिला तो नकार होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो नकार पाळला, प्रसंगी उपाशी राहून पाळला. मग असा प्रश्न विचारला पाहिजे, की गावाच्या उंबऱ्यावरचे उरलेले आपण नाकारले, पण आपल्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत मुलीने उरलेल्यावर जगावे हे आपल्याला कसे चालते? जातीची उतरंड आपण ओळखतो. ताटांची उतरंड त्याच मातीची आहे, हे ओळखायला मात्र आपण तयार नसतो.

माझ्यासारखे घराण्यातले पहिले पदवीधर झालेले, नोकरीला लागलेले लोकही यातून सुटलेले नाहीत. आमच्या घरांत पैसा थोडा आला, तेव्हा दूध आणि अंडी प्रथम मुलाला सुरू झाली, मुलीला 'तिला आवडत नाही' म्हणून. नावडीचाही इतिहास असतो. जे कधी पुढ्यात आले नाही त्याची आवड निर्माण होणार कोठून? शिवाय नव्या मध्यमवर्गीय घरांत उपवासांची भर पडली. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, हे माहीत असूनही वाढत्या वयाच्या मुलीचा आठवड्यातला एक दिवस आपण त्याच्यावर काढतो.

आता चुलीच्या बाहेरचा भाग. सगळा दोष घराच्या माथी मारणे हा अन्याय होईल. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली आहे ती वाचली की कळते, आपल्या लोकांनी दारिद्र्यातही शरीराला लागणाऱ्या गोष्टी कोठून कोठून मिळवल्या होत्या. जनावराचा कोणताच भाग टाकला जात नसे. काळीज, रक्ती, वाळवलेल्या चान्या, रानातला पाला. ज्याला प्रतिष्ठितांनी घाण म्हटले त्यात लोह आणि प्रथिने होती. पुढे मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. कायदा करणाऱ्यांच्या ताटात त्यामुळे काही फरक पडला नाही. गरिबाला परवडणारे एक मांस मात्र बाजारातून गेले.

धान्याचेही तेच. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि त्यामुळे उपासमार टळते हे कृतज्ञतेने नव्हे तर हक्काच्या भाषेत मान्य केले पाहिजे. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते, तितक्याच पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आपली गरिबीची धान्ये म्हणून हिणवली गेली, ताटातून गेली, आणि आता शहरातल्या दुकानांत महाग पाकिटांतून परत आली आहेत.

शाळेचा विचार करू. शाळेतल्या दुपारच्या भोजनाची योजना १९९५ साली सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला. या भोजनाने लाखो मुलींना दिवसातून एकदा तरी गरम आणि पहिल्या पंगतीचे जेवण मिळवून दिले. परंतु ही योजना आठवीला संपते. मुलगी चौदा वर्षांची होते, पाळी सुरू झालेली असते, शरीराची मागणी सर्वांत जास्त असते, आणि नेमकी त्याच वेळी तिची शाळेतली थाळी काढून घेतली जाते. आठवीपर्यंतच्या भोजनातही कस टिकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. ज्यांना अंडे नको त्यांना फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि अंडे हवे असेल तर लोकवर्गणी करा असे सांगण्यात आले. ज्या वस्तीतल्या मुलांना अंड्याची गरज आहे तिथे वर्गणी कोण देणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

नववीनंतर सरकारकडून मिळते ती आठवड्याची निळी गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल. गोळी चांगली आहे, पण ती का घ्यायची हे मुलींना कोणी नीट सांगत नाही. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, मुली घाबरतात आणि गोळी खिडकीबाहेर जाते. मग 'या पोरींना फुकटाची किंमत नाही' असे शिक्षकच म्हणतात. काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, एवढे दोन मिनिटांत सांगता येते.

आता दुसरी बाजू, हालचालीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीची हालचाल करावी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासात अकरा ते सतरा वयाच्या ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे या मापात कमी पडले. त्यातली एक गोष्ट आपण विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. भारत आणि बांगलादेश येथील मुली इतर देशांच्या तुलनेने बऱ्या निघाल्या, आणि याचे संभाव्य कारण म्हणून त्यांच्या अंगावर पडणारी घरकामे दाखवण्यात आली. म्हणजे केर, भांडी, पाणी आणि धुणे हे तिच्या 'हालचाली'च्या खात्यात जमा झाले! मोजणाऱ्यांचा यात दोष नाही. शरीर हलले ते हलले. पण आपण या हिशेबावर समाधान मानू नये.

श्रम आणि खेळ यांत फरक आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो ओझे. अशा दहा खेपा केल्या तर मुलीने दीडशे किलो वाहिले. हे काम ती थकली म्हणून थांबत नाही. पिंप भरले म्हणजे थांबते. त्यात विसावा नाही, चढउतार नाही, सर्व अंगाला सारखे वळण नाही. मान, कंबर आणि गुडघे तेवढे झिजतात. खेळात धावणे, उडी, वळण, दम आणि विसावा असतो. उड्यांनी आणि धावण्याने हाड घट्ट होते, छाती भरते, आणि थकलेले शरीर खाऊन-झोपून पुन्हा उभे राहते. मुख्य म्हणजे खेळात शरीर स्वतःसाठी असते. घरकामात ते दुसऱ्यांसाठी असते. आपल्या समाजाचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठीच राबत आले. 'आपले कष्टाचे अंग, आपल्याला कशाला व्यायाम' असे जेव्हा आपणच म्हणतो, तेव्हा आपण त्याच जुन्या व्यवस्थेची भाषा बोलत असतो. आणि रक्त कमी असताना श्रम वाढले, की जी हालचाल आरोग्य देते म्हणून सांगितली जाते तीच झीज करते. जमेशिवाय खर्च वाढला की जे दुकानाचे होते तेच शरीराचे होते.

मुली खेळत का नाहीत? पाळी आली की खेळ बंद होतो, हे पहिले कारण. मैदान मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते, हे दुसरे. काळोख पडायच्या आत घरी यावे लागते, आणि घरी आल्यावर चूल वाट पाहत असते, हे तिसरे. आणि चौथे असे की ज्या मुलीला जिना चढताना धाप लागते तिला धावावेसे वाटतच नाही. वर्गात शेवटच्या तासाला डोके टेकवून बसणारी, पेन्सिली, खडू किंवा कच्चे तांदूळ चघळणारी मुलगी आळशी किंवा चमत्कारिक नसते. माती-खडू खाण्याची इच्छा हे पुष्कळदा रक्तक्षयाचेच लक्षण असते. आम्ही शिक्षक तिला हजेरीत टोकतो. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, हे कोणाच्या मनात येत नाही.

मैदान मिळाले की काय होते हेही आपण पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची होती. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा लागते. बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. प्रत्येक वस्तीत ही जागा निघू शकते. ती मुलींसाठी तासभर राखून ठेवण्याची इच्छा मात्र लागते.

तेव्हा करावयाचे काय? ज्याला पैसा लागतो आणि ज्याला लागत नाही, अशा दोन भागांत हे पाहावे. ताटांचा क्रम बदलायला पैसा लागत नाही. सर्वांनी एकत्र बसावे, आणि फोडी मोजून सारख्या वाढाव्यात. चहा जेवणाबरोबर नको, तासभर मागे-पुढे घ्यावा. भाजी-उसळीवर लिंबू पिळावे. त्याने लोह शोषले जाते. मटकी, हुलगे भिजवून मोड आणावेत. शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे, सुकट-बोंबील या आपल्या आवाक्यातल्या गोष्टी आहेत आणि लोखंडी कढई अजून पुष्कळ घरांत आहे. घरकाम मुलानेही करावे. दोन हंडे त्याने आणले तर तिचा अर्धा तास मोकळा होतो, आणि खेळायला तेवढा पुरतो. वर्षातून दोनदा जंताची गोळी आणि एकदा रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. विदर्भातल्या आपल्या बांधवांनी तर ती टाळूच नये, कारण तिथे आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेलचा आजार आहे. तो लोहाच्या गोळीने बरा होत नाही, त्याची वेगळी तपासणी आणि वेगळे उपचार लागतात.

ज्याला पैसा लागतो ते सरकारकडे मागितले पाहिजे, आणि मागणी म्हणून मागितले पाहिजे. शाळेतले भोजन बारावीपर्यंत न्या. त्यात अंडे परत आणा. रेशनवर ज्वारी, बाजरी आणि डाळ द्या. मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात काय शिजते ते मुलींच्या समितीने तपासावे. प्रत्येक शाळा-कॉलेजात मुलींना वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि मैदानातला त्यांचा तास असावा. आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांच्यासाठी आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी तिसऱ्या तासाला चक्कर येऊन खाली बसत असेल, तर शिक्षणाचा दरवाजा तिला अर्धाच उघडलेला आहे. पुढे ती लग्न होऊन जाते, आणि तिच्या रक्तातली ही तूट तिच्या बाळाच्या वजनात उतरते. पाचव्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते. म्हणजे अनेकींची स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच दुसरा जीव त्यांच्या ताटात वाटेकरी होतो.

परिवर्तनाची भाषा आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोललो. तिची कसोटी आता स्वयंपाकघरात आहे. आज रात्री घरात जे शिजेल त्यातले पहिले ताट कोणाचे आणि शेवटचे कोणाचे, हे ज्याचे त्याने पाहावे.